अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री : बीएस्सीचे दोन वर्ष झालेत, ॲडमिशन मिळंल का अन् पास व्हायला काय काय लागतं?

कपाशीचं_बोंड

नमस्कार सगळ्यांना. मी दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातली. बारावी सायन्स अमरावती बोर्डातून ६१ टक्के, मग तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला ॲडमिशन घेतली, एसटीनं जाणंयेणं करून दोन वर्षं काढली, केमिस्ट्रीचा एक पेपर बॅक राहिला अन् तेवढ्यात लग्न जमलं. मिस्टर कॅलिफोर्नियात आहेत सॅन होजेच्या बाजूला, एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. मी एच-४ म्हणजे त्यांची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर जाणार, व्हिसाची मुंबईची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.

आता मिस्टर म्हणतात तिथं दिवसभर घरात बसून कंटाळशील, कम्युनिटी कॉलेज असते त्यात असोसिएट डिग्री कर, दोन वर्षाची असते, मग पुढं बॅचलर. सासूबाई म्हणतात आधी इथंच बीएस्सी पूर्ण कर मग जाय. बाबा म्हणतात तुम्हाला काय करायचं ते करा पण कागदं अर्धवट ठेवू नका. मी नेटवर वाचायला गेली तर युनिट, क्रेडिट, जीई, ट्रान्सफर असे शब्द येऊन रायले, डोकं भणभणलं.

मला एवढंच सांगा की ॲडमिशनसाठी कोणती परीक्षा द्यावी लागते का, आयईएल्टीएस वगैरे? माझे बीएस्सीचे दोन वर्ष धरतात का तिथं, बॅक असूनही? डिग्री हातात यायला नक्की काय काय पूर्ण करावं लागतं? फी किती बसते? अन् उद्या परत आलो इकडे तर ती डिग्री चालते का? मिस्टर स्वतः बीई करून गेलेले आहेत, त्यांना याच्यातलं काही माहीत नाही, ते फक्त कर म्हणतात.

झाडीचा_राजा

ताई राग मानू नका पण दोन वर्षाची डिग्री म्हणजे आपल्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोमासारखंच झालं. अमेरिकेत जाऊन डिप्लोमा करायचा तर इथं काय वाईट होतं. अन् कोणालाही ॲडमिशन देतात म्हणे, मग त्याची किंमत काय.

वणीची_वहिनी

झाडीचा राजा भाऊ, कोणालाही ॲडमिशन देतात हे खरं आहे, पण कोणालाही डिग्री देत नाहीत, तिथंच तर सगळी गंमत आहे.

ताई मी मूळची वणीची, आता तुझ्या होणाऱ्या घरापासून अर्ध्या तासावर राहते, मीपण एच-४ वरच आली होती अन् असोसिएट पूर्ण केली, तर सगळं सांगते, मोठं होईल, चहा घेऊन बस.

ॲडमिशन. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजला प्रवेश परीक्षा नाही, टक्केवारीची कटऑफ लिस्टही नाही. बारावी झालेली असावी किंवा वय १८ च्या वर असावं, बस. ऑनलाइन फॉर्म आहे, त्याचे पैसे लागत नाहीत. आयईएल्टीएस, टोफेल हे एफ-१ वर म्हणजे स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना मागतात, त्यांचं खातं वेगळं, त्यांना आय-२० म्हणजे कॉलेजनं दिलेला प्रवेशाचा कागद लागते, बँकेतले पैसे दाखवावे लागतात. एच-४ वाल्यांना शिकायला आय-२० लागत नाही, फुलटाइम शिका नाहीतर एकच क्लास घ्या, कोणी विचारत नाही. फॉर्म भरताना व्हिसाचा रकाना नीट भर, घाईत स्टुडंट व्हिसा टिचकवलं तर ऑफिस तुला इंटरनॅशनलच्या टेबलावर पाठवते अन् मग समजावत बसा.

पहिले इंग्लिश-गणिताची प्लेसमेंट टेस्ट असायची, ती आता कॅलिफोर्नियात बंद झाली, शाळेतले मार्क अन् तू स्वतः काय म्हणते त्यावर कोणत्या लेव्हलला बसवायचं ते ठरवतात. दुसऱ्या काही राज्यांत टेस्ट अजून आहे.

आता युनिट. एक युनिट म्हणजे सेमिस्टरभर आठवड्याला साधारण एक तास क्लास अन् दोन तास घरचा अभ्यास. बहुतेक विषय तीन युनिटचे, लॅब असली तर चार-पाच. असोसिएटला एकूण ६० युनिट लागतात. इथंच पोरीपोरं फसतात, कारण १२ युनिट घेतले की फुलटाइम म्हणतात, तर सगळ्यांना वाटते फुलटाइम शिकलो की दोन वर्षात झालं. बारा चोक अठ्ठेचाळीस. साठ पाहिजेत तर सेमिस्टरला १५ घ्या नाहीतर उन्हाळ्यात क्लास घ्या. मला तीन वर्षं लागली, लेकरू झालं मधात, त्याची लाज नाही.

काही कॉलेज सेमिस्टरच्या जागी क्वार्टर पद्धतीचे आहेत, तुझ्या जवळचं डी अँझा कॉलेज त्यातलंच, तिथं वर्षाचे तुकडे वेगळे म्हणून साठाच्या जागी ९० लागतात. आकडा मोठा पाहून घाबरू नको, काम तेवढंच असते.

अन् साठ म्हणजे कोणतेही साठ नाही. तुझा जो मुख्य विषय त्याचे कमीत कमी १८ युनिट, प्रत्येकात सी ग्रेड किंवा वर. बाकी जीई, म्हणजे जनरल एज्युकेशन, त्यात इंग्लिश निबंधलेखन, बोलण्याचा म्हणजे कम्युनिकेशनचा विषय, गणित, सायन्स, कला, समाजशास्त्राकडचं काहीतरी अन् एथनिक स्टडीज म्हणजे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशांच्या समाजांचा अभ्यास, हा सगळ्यांना घ्यावाच लागणारा विषय. आपल्याकडे सायन्स घेतलं की इतिहास सुटला, तिथं सुटत नाही. मी भाषणाच्या क्लासमध्ये पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा हात असे थरथरत होते की कागद फडफडत होता, मास्तरीण म्हणे कागद ठेव खाली अन् तुझ्या गावात पोळा कसा करतात ते सांग. सांगितलं. बैलाचं नाव पण सांगितलं. ए मिळाला.

सगळ्याचा मिळून जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी २.० पाहिजे, म्हणजे सरासरी सी. अन् कमीत कमी १२ युनिट त्याच कॉलेजात केलेले पाहिजेत, बाहेरून कितीही आणा. याला ते रेसिडेन्सी म्हणतात. अन् फीसाठी राज्याचे रहिवासी आहात का, त्यालाही रेसिडेन्सीच म्हणतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी, मी सहा महिने एकच समजत होती.

फीचं असं आहे की रहिवाशाला ४६ डॉलर युनिट, म्हणजे अख्ख्या डिग्रीला २७६० डॉलर, पुस्तकं अन् बारीकसारीक वेगळं. रहिवासी नसेल तर तेच युनिट काही शे डॉलरला पडते. एफ-१ वाला तिथं कितीही वर्षं राहिला तरी रहिवासी होत नाही, एच-४ वाला होऊ शकतो, सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक वर्ष अन् एक दिवस तिथं राहिलेलं दाखवावं लागते. घराचा करार, लायसन्स, टॅक्सचे कागद यावर तुझं नाव पाहिजे, फक्त मिस्टरांचं असून भागत नाही. म्हणून उतरल्याबरोबर भाडेकरारात नाव घालायला सांग त्यांना. पहिलं वर्ष वाया नाही जात, नॉनक्रेडिट म्हणजे ज्याचे युनिट मिळत नाहीत असे इंग्लिशचे क्लास फुकट असतात, तिथं जाऊन बस, मैत्रिणी होतात, बस कुठून सुटते ते कळते.

बाकी उद्या लिहिते, लेकरू उठलं.

सेतूवाला_बंड्याभाऊ

पोरी, अमेरिकेचं मले समजत नाई पण कागदाचं समजते, रोज तेच करतो. पयले सांग तुहा पासपोर्ट कोणत्या नावानं हाये? बारावीच्या मार्कशीटवर आडनाव पयले, मंग तुहं नाव, मंग बापाचं नाव, आईचं नाव अलग रकान्यात. लग्न झालं की आपल्याइकडे बापाचं नाव जाते नवऱ्याचं येते, आडनावही बदलते. म्हणजे मार्कशीट एका बाईची अन् पासपोर्ट दुसऱ्या बाईचा. आपल्याले समजते, तिकडच्या गोऱ्या कारकुनाले काऊन समजंल बापा.

मह्या इथं मागच्या साली एक पोरगी आली होती, तिच्या टीसीवर एक स्पेलिंग, मार्कशीटवर दुसरं, आधारवर तिसरं, अन् जायचं तिकीट आठ दिवसावर. रडली बिचारी. तं आता नाव बदललं नसंल तं बदलूच नको, बायको व्हायले नाव बदलाची गरज नाई. बदललं असंल तं ग्रामसेवकाकडून विवाह नोंदणीचं सर्टिफिकेट घे, व्हिसालेही लागतेच ते, दोन-तीन प्रती काढून ठेव. अन् स्पेलिंग एकदा सगळ्या कागदावर बोट ठेवून वाच, अक्षर अन् अक्षर.

कपाशीचं_बोंड

बंड्याभाऊ तुम्ही म्हटलं म्हणून आत्ता काढून पाहिलं. पासपोर्ट लग्नाच्या आधीचा आहे, माहेरच्या नावानं, पण बारावीच्या मार्कशीटवर बाबांच्या नावात एक ए कमी आहे. आजपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

वहिनी खूप खूप आभार, अर्धं टेन्शन गेलं. बीएस्सीचं सांगा ना पण. अन् काम करता येते का शिकता शिकता?

सेतूवाला_बंड्याभाऊ

बाच्या नावाचं एवढं नाई अडत, तिकडे तुहं नाव अन् जन्मतारीख पायतात. तरी बोर्डात दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत जाते, हेडमास्तरले भेट. वेळ लागते. जायच्या आधी नाई झालं तं भावाले लावून ठेव कामाले.

टेक्सासचा_उन्हाळा

मी पुसदकडचा, एफ-१ वर टेक्सासला कम्युनिटी कॉलेज केलं, आता युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे. ताईचं एच-४ आहे तर तिला माझं सगळं लागू नाही, पण बाकी कोणी वाचत असंल तर त्यांच्यासाठी लिहितो, कारण आमच्याइकडून दोघातिघांनी इनबॉक्सात विचारलं.

झाडीचा राजा भाऊ, ही कॉलेजं आजची नाहीत, इलिनॉयमधलं जोलिएट १९०१ पासून चालू आहे. अन् डिप्लोमा म्हणू नका, कारण पुढचं बॅचलर चार वर्षाचं असते त्यातले पहिले दोन वर्ष तुम्ही इथं स्वस्तात करता, मग तिसऱ्या वर्षात ट्रान्सफर. मात्र डिग्रीचं नाव पाहून घ्या. एए (आर्ट्स) अन् एएस (सायन्स) ही ट्रान्सफरसाठी. एएएस म्हणून एक आहे, अप्लाइड, ती थेट कामाला लागायची, वेल्डिंग, एसी दुरुस्ती, असं. वाईट काही नाही, पण तिचे बरेच क्रेडिट पुढं युनिव्हर्सिटी धरत नाही. माझा एक रूममेट नाव नीट न वाचता त्यात गेला, दीड वर्षानं कळलं.

टेक्सासमध्ये युनिटला क्रेडिट नाहीतर तास म्हणतात, ६० तासातले ४२ तास कोअर म्हणजे ठरलेले, त्यात अमेरिकेचा इतिहास ६ अन् सरकार-राज्यघटना ६, कायद्यानंच आहे, सुटका नाही. मी कापूस पिकवणाऱ्याचा पोरगा, टेक्सासच्या कापसाचा धडा इतिहासात वाचला तेव्हा बरं वाटलं, गुलामांचं पुढं वाचलं तेव्हा नाही वाटलं. २२ च्या खाली वय असलं तर मेनिंजायटिसची लस लागते, क्लास सुरू व्हायच्या १० दिवस आधी तरी, नाहीतर रजिस्ट्रेशनच होत नाही.

एफ-१ वाल्यांनो, सेमिस्टरला १२ क्रेडिट पाहिजेतच, त्यात ऑनलाइनचा एकच क्लास धरतात. आजारी पडून क्लास सोडायचा असंल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, मग सोडा, उलटं केलं तर स्टेटस जाते. काम कॅम्पसवर, आठवड्याला २० तास, कॉलेज चालू असताना. असोसिएट नंतर १२ महिन्याची ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी मिळू शकते, पण ती एसटीईएमची म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंग-गणितवाल्यांची वाढीव दोन वर्षं असोसिएटवर नाही, त्याला बॅचलर लागते. एजंट हे सांगत नाहीत. पैशाचं पण सांगतो, सात-बारा दाखवून आय-२० मिळत नाही, खात्यात मोकळा पैसा पाहिजे. शेतजमिनीवर बँका एज्युकेशन लोन द्यायला कचरतात, सरफेसी म्हणजे बँकेच्या कर्जवसुलीच्या कायद्यात शेतजमीन येत नाही म्हणून. अन् सरकारी परदेश शिष्यवृत्ती मास्टर अन् पीएचडीवाल्यांना आहे, असोसिएटवाल्यानं त्या आशेवर राहू नये.

वणीची_वहिनी

आली परत.

काम : एच-४ वर नाही करता येत, कॅम्पसवर पण नाही. मिस्टरांचा आय-१४० म्हणजे ग्रीनकार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज मंजूर झाला की ईएडीचा म्हणजे कामाच्या परवान्याचा अर्ज करता येतो, त्यांना विचार कुठपर्यंत आलं. तोवर शिक.

बीएस्सीचं : धरतात, पण आपोआप नाही. एनएसीईएस नावाची संघटना आहे, तिच्या सभासद एजन्सीकडून मूल्यमापन करून आणा म्हणतात, डब्ल्यूईएस, ईसीई अशा. त्यात विषयवार रिपोर्ट घे. साधा रिपोर्ट स्वस्त पडतो म्हणून लोक तो घेतात अन् त्याच्यात फक्त दोन वर्षं शिकली एवढंच येते, कोणत्या विषयाचे किती युनिट ते येतच नाही, मग परत पैसे भरा. बॅकचा पेपर धरणार नाहीत, बाकी पास झालेले धरू शकतात. बहुतेक कॉलेज बाहेरच्या देशातलं इंग्लिश अन् भाषणाचा विषय धरत नाहीत, ते तिथंच करावे लागतील. गणित, फिजिक्स, बॉटनी यांचं डिपार्टमेंट ठरवते, अन् त्यासाठी ते सिलॅबस मागतात.

म्हणून जायच्या आधी एक काम कर. कॉलेजात जाऊन तुझ्या दोन्ही वर्षांचा सिलॅबस, ज्या साली तू शिकली त्याच सालचा, झेरॉक्स काढून प्रत्येक पानावर शिक्का अन् सही घे. अन् विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा अधिकृत उतारा, बंद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या तोंडावर शिक्का. फोडून पाहू नको. माझ्या आईनं फोडला होता, कौतुकानं, शेजारच्या काकूला दाखवायला.

मी हे न करताच आली होती. माझं बीकॉमचं एक वर्ष होतं, इथून भावाला पाठवलं तर कॉलेजवाल्यांनी सांगितलं जिचं आहे तिनंच यावं. सोडून दिलं मी ते वर्ष.

अजून एक माझी चूक ऐक. पहिल्या वर्षात मी कोणाला न विचारता, वेळ जमते ते क्लास घेतले. नऊ युनिट झाले, खुश. काउन्सेलरकडे म्हणजे कोणते विषय घ्यायचे ते सांगणाऱ्या कॉलेजच्या बाईकडे गेली तर म्हणे हे कोर्स डिग्रीत धरले जात नाहीत, यादीत तिथंच लिहिलं होतं बारीक अक्षरात, डिग्री ॲप्लिकेबल नाही म्हणून. इंग्लिश सुधारलं माझं त्यात, खोटं नाही सांगत, पण साठात शून्य. तेव्हा काउन्सेलरची अपॉइंटमेंट आधी, एज्युकेशन प्लॅन लिहून घ्यायचा, फुकट असते. ज्या वर्षी तू सुरू करशील त्या वर्षीच्या कॅटलॉगचे म्हणजे कॉलेजच्या नियमपुस्तकाचे नियम तुला लागू राहतात, मधात खंड पडला नाही तर, म्हणून तो कॅटलॉग उतरवून ठेव. २०२५ पासून ट्रान्सफरची जीई बदलली आहे, कॅल-जीईटीसी म्हणतात, ११ कोर्स, ३४ युनिट, तर जुन्या बायकांनी सांगितलेल्या याद्या चालणार नाहीत, माझी पण नाही.

पुढं स्टेट युनिव्हर्सिटीत जायचं असंल तर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर विचार. ती केली की सीएसयूच्या म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसमध्ये जागा नक्की, अन् पुढं साठच युनिट राहतात. आपल्याला पाहिजे तोच कॅम्पस, तोच विषय मिळंल असं नाही हं. सॅन होजे सगळ्यांनाच पाहिजे असते.

अन् शेवटी, डिग्री मागावी लागते. मी मे महिन्यात शेवटचा पेपर दिला, घरी शिरा केला, अन् ऑगस्टपर्यंत पत्रपेटी उघडून पाहत होती सर्टिफिकेट आलं का. नाही आलं. ऑफिसात गेली तर बाई म्हणे तुम्ही ग्रॅज्युएशनचा अर्जच केला नाही. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की आपण पास, त्यांना वाटलं मी अजून शिकतेच आहे. अर्जाची तारीख असते, बहुतेक शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच, चुकली की पुढच्या सेमिस्टरवर गेलं.

मास्तर_अचलपूर

सासूबाईंच्या बाजूनं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. भारतात परत येण्याचा प्रश्न बेटीनं विचारला त्याचं उत्तर राहिलं. असोसिएट म्हणजे इथं पदवी नाही. एमपीएससी, तलाठी, जिथं पदवीधर मागतात तिथं ती चालणार नाही, बॅचलर केलं तर गोष्ट वेगळी. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी ८० क्रेडिटवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येते, पण संलग्न कॉलेजात ते २०२४ पासून आलं, बेटीची बॅच जुनी असंल तर तिला ते नाही. म्हणजे आज तिच्या हातात बारावीच आहे.

माझं म्हणणं, मुलाखतीची तारीख आहे तर जाय, नवरा-बायकोनं वर्षभर वेगळं राहू नये केमिस्ट्रीसाठी. पण तो बॅकचा फॉर्म भरून जाय, उन्हाळी परीक्षेला येणं जमलं तर देऊन टाक. एक पेपर आहे. तो निघाला की दोन वर्षं पूर्ण दिसतात.

झाडीचा_राजा

मास्तर, पेपरसाठी अमेरिकेतून यायचं? तिकिटात इथं एक बैलजोडी येते.

मास्तर_अचलपूर

माहेरी येणारच आहे ना पोरगी कधीतरी. तेव्हा ये म्हटलं.

कपाशीचं_बोंड

आज कॉलेजात जाऊन आली. बाबा सोबत होते. ऑफिसातल्या बाबूजींना सिलॅबसच्या प्रत्येक पानावर शिक्का पाहिजे म्हटलं तर ते म्हणे अमेरिकेत बॉटनीचं पान कायले लागते, तिकडे झाडं नाहीत का. मग बाबांनी बंड्याभाऊसारखंच समजावलं. ९४ पानं निघाली दोन्ही वर्षांची मिळून. शाईचा पॅड मधात सुकला, समोरच्या दुकानातून नवीन आणला बाबांनी. प्राचार्य सरांची सही सोमवारी मिळते म्हणाले.

केमिस्ट्रीचा फॉर्म पण भरला, लेट फी बसली. सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्या हसल्या फक्त.

वहिनी, भाडेकरारात नाव घालायचं मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणे आमचा करार गेल्याच महिन्यात नवीन झाला वर्षभरासाठी. मग आता काय?

वणीची_वहिनी

मधात पण नाव वाढवता येते, घरमालकाच्या ऑफिसला मेल टाकायला सांग, एक कागद जोडतात. तू उतरायच्या आधी विचारून ठेवू दे. अन् लायसन्सचं पुस्तक विमानातच वाच.

९४ पानं हातातल्या पिशवीत ठेव हं, बॅगेत टाकू नको.